गॅस्केट बदलूनही परत येणारी ऑइलगळती आणि न थांबणारी टकटक

जुन्या गाडीच्या इंजिनाची तक्रार बहुधा दुहेरी असते. खाली ऑइल ठिबकते आणि वरून टकटक ऐकू येते. उपाय म्हणून टॅपेट कव्हरचे गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, बदलले जाते, टॅपेट सेट केले जातात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यामधील फट जुळवली जाते, आठ-पंधरा दिवस गाडी शहाण्यासारखी चालते आणि मग दोन्ही तक्रारी जशाच्या तशा परत येतात. माझ्याकडील चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या, पुशरॉड पद्धतीच्या (खालच्या कॅमशाफ्टचा धक्का लांब दांड्यांनी वरच्या रॉकरांपर्यंत नेणाऱ्या) पेट्रोल इंजिनाबाबत हे तीनदा घडले. तिन्ही वेळा गॅस्केट मीच घरी बसवले होते, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. चौथ्यांदा कव्हर उघडण्यापूर्वी मात्र गॅस्केट टिकत का नाही याचा शोध घेतला, तेव्हा ध्यानात आले की मी जो भाग पुन्हा पुन्हा बदलत होतो तो बिघडलेला नव्हताच. इंजिनाच्या पोटात साठणारा दाब ऑइलला बाहेर ढकलत होता, आणि टॅपेटमधील फट फीलर गेजवर (फट मोजण्याच्या पातळ पोलादी पट्टीवर) बरोबर दिसत असूनही प्रत्यक्षात जास्त होती.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. गळती आणि आवाज यांचा सर्वांत सरळ संबंध येथेच सापडतो, कारण पातळी फार खाली गेली की ऑइलपंप वळणावर किंवा चढावर ऑइलऐवजी हवा ओढतो आणि सर्वांत उंचावर असलेल्या रॉकरांना ऑइल पोहोचेनासे होते. अशा वेळी पातळी भरून काढताच आवाज कमी झाला, तर टॅपेटला हात लावण्याचे कारण उरत नाही. गाडी चालू असताना ऑइलदाबाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन तेथेच बंद करावे. हा दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो, त्यामुळे त्याला पूर्वसूचना मानणे चुकीचे आहे.

गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबून कधीही जाऊ नये. गाडी उचलल्यावर तिचा भार मजबूत स्टँडवर द्यावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि आत शिरण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. ही गोष्ट मी एकदाच लिहितो, पण पुढील सर्व मजकुराहून ती महत्त्वाची आहे.

गळते काय आणि कुठून

रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर पुढील दोन्ही चाकांच्या जागा पेन्सिलने आखून ठेवाव्यात. सकाळी डाग कुठे पडला यावरून निम्मा अंदाज येतो, आणि डाग कशाचा आहे यावरून उरलेला. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे असते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असून बोटांना निसरडे लागते आणि त्याला गोडसर वास येतो. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. चाकाच्या आतील बाजूस पातळ, पिवळसर द्रव दिसला तर तो ब्रेकचा असण्याची शक्यता मोठी आहे आणि तेव्हा इंजिनाचा विषय बाजूला ठेवून आधी ब्रेक पाहिले पाहिजेत.

ऑइलचा थेंब जेथून पडतो तेथे गळती असतेच असे नाही. ऑइल उताराने खाली येते आणि पंख्याच्या व समोरून येणाऱ्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून गळतीचे उगमस्थान शोधताना सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा पाहावी. या एका चुकीपायी पुष्कळ गाड्यांचा गिअरबॉक्स विनाकारण उतरवला जातो. टॅपेट कव्हरच्या मागील टोकाकडून निघालेला ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून उतरून क्लच हाउसिंगच्या तळाशी थेंब होऊन लोंबतो, आणि पाहणारा क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील गेले असे निदान करून मोकळा होतो.

वर्षानुवर्षांच्या चिकट काळ्या थराखाली काहीही दिसत नाही, त्यामुळे इंजिन धुणे हा तपासणीचाच भाग आहे. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लास्टिकने बांधून घ्यावे, ग्रीस विरघळवणारे द्रावण ब्रशने चोळावे, हलक्या धारेने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर पातळ शिंपडावी, इंजिन दहा मिनिटे जागेवर चालवावे आणि टॉर्च घेऊन पाहत राहावे. फिरत्या पंख्यापासून व बेल्टपासून हात आणि बाही दूर असू द्यावी. माझ्या इंजिनावर सहाव्या-सातव्या मिनिटाला कव्हरच्या मागील कोपऱ्यात, पांढऱ्या पावडरीत, दोऱ्याएवढी तपकिरी रेघ उमटली आणि पाहता पाहता बोटभर लांब झाली. गॅस्केट तर दोनच आठवड्यांपूर्वी बसवलेले होते.

गॅस्केट नव्हे, दाब

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतो. पूर्वीच्या गाड्यांत हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून दिला जाई. १९६० च्या दशकापासून तो ब्रीदर नळीने किंवा पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू बाहेर खेचू देणाऱ्या छोट्या झडपेतून) परत इनटेककडे नेऊन जाळण्याची पद्धत रूढ झाली. हा मार्ग चिकट्याने बुजला की वायूला वाट उरत नाही आणि तो प्रत्येक सीलवर, प्रत्येक गॅस्केटवर आतून रेटा देऊ लागतो. जी कड सर्वांत दुबळी तेथून ऑइल बाहेर येते. ती बंद केली की त्याखालोखाल दुबळी असलेली कड गळू लागते. एक गळती थांबवताच महिन्याभरात दुसरीकडे गळती सुरू झाली, तर शंका प्रथम ब्रीदरवरच घ्यावी.

याची चाचणी सोपी आहे. इंजिन गरम करून जागेवर मंद गतीने चालू ठेवावे, ऑइल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा रबरबँडने बसवावा. पीसीव्ही व्हॉल्व्ह नीट काम करत असेल तर मोजा किंचित आत ओढला जातो, साध्या ब्रीदरच्या इंजिनावर तो लुळा पडून थोडासा थरथरतो. माझ्या इंजिनावर मोज्याची पाचही बोटे एकेक करून ताठ उभी राहिली आणि अर्ध्या मिनिटात रबरबँडसकट मोजा उडून गेला. त्या क्षणी आधीच्या तीन गॅस्केटांचा हिशेब लागला.

कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारी नळी काढून पाहिली तर तिच्या तोंडाशी असलेली तारेची जाळी काळ्या लोण्यासारख्या गाळाने गच्च भरलेली होती, आणि नळीही आतून सुजून निम्मी मिटली होती. जाळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, ब्रशने घासून, आरपार उजेड दिसेपर्यंत साफ केली, नळी मात्र नवी घातली, कारण आतून सुटलेले रबर धुऊन सुधारत नाही. हे काम उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर करावे. ज्या इंजिनांना पीसीव्ही व्हॉल्व्ह आहे तेथे तो काढून कानाशी हलवावा. आतला तुकडा खुळखुळला तर तो मोकळा असण्याची शक्यता आहे, अजिबात आवाज आला नाही तर नवा घालावा. स्वस्त भाग आहे, त्यासाठी फार विचार करू नये.

ब्रीदर मोकळा करूनही मोजा फुगतच राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याची शक्यता तपासावी लागते. इंजिन गरम करून, सर्व स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब) मोजावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्ट वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असले तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट संशयित ठरते. रिंगा झिजलेल्या इंजिनावर नवी गॅस्केटे चढवत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

गॅस्केट बसवण्यातल्या माझ्या चुका

दाब हे मुख्य कारण असले तरी माझे हातही अगदी निर्दोष नव्हते. पत्र्याचे कव्हर गळू लागले की बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो, आणि त्यामुळे बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा खाली दबून दोन बोल्टांमधील कड वर उचलली जाते. गळती त्या मधल्या भागातून सुरू होते. मग आणखी आवळले की आणखी गळते. कव्हर काढून सपाट काचेवर ठेवले असता माझ्या कव्हरखाली दोन ठिकाणी वहीचा पुठ्ठा सहज सरकत होता. भोकांचे दबलेले कडे लाकडी ठोकळ्यावर ठेवून, गोल डोक्याच्या हातोडीने आतून हलके ठोकून सपाट केले. अनेक इंजिनांत या बोल्टांना फक्त ८ ते १० न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क (आवळण्याचा पीळ) सांगितलेला असतो, म्हणजे छोट्या पान्याला दोन बोटांनी दिलेला ताण. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकडा अंतिम समजावा आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

दुसरी चूक गॅस्केट सीलंटची. बुचाच्या (कॉर्कच्या) गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना मी भरपूर सीलंट फासले होते, आणि आवळताना ओल्या सीलंटवरून गॅस्केट घसरून आत सरकले. बुचाचे गॅस्केट फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवावे, हेडच्या बाजूला कोरडे ठेवावे. सिलिकॉन सीलंट लागतेच ते कोपऱ्यांत किंवा दोन भागांच्या सांध्यांत, तेही तांदळाच्या दाण्याएवढे. आत पडलेली जास्तीची पट्टी सुटून ऑइलपंपाच्या जाळीवर जाऊन बसते आणि गळती थांबवण्याच्या नादात ऑइलचा दाबच घालवते. बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग खरडून, ऑइलचा अंशही न ठेवता पुसून घ्यावेत, आणि सीलंट लावल्यास त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा २४ तास, इंजिन सुरू करू नये. जुन्या गाड्यांच्या हेड आणि एक्झॉस्ट गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकते. असे गॅस्केट कोरडे खरडू नये, तारेच्या चाकाने तर मुळीच नाही. ते भिजवून काढावे आणि मास्क लावावा.

कव्हरशिवाय गळतीच्या आणखी काही जागा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. ऑइल फिल्टर बदलताच धो धो गळू लागले तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली असून तिच्यावरच नवी चढली आहे, असे समजून आधी तेच पाहावे. ऑइलदाबाच्या स्विचची वायर काढल्यावर आतला खळगा ऑइलने भरलेला दिसला तर स्विचच आतून फुटला आहे. डिस्ट्रिब्युटरच्या देठावरची रबरी रिंग कडक होऊन पाझरते. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो. मागील मुख्य सील खरोखरच गेले असेल, म्हणजे वरचे सर्व कोरडे असून क्लच हाउसिंगच्या आतूनच ऑइल येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते काम योग्य उपकरणांशिवाय घरी न केलेलेच बरे.

आवाज ओळखणे

आवाजाबाबत घाईने निदान करू नये. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा येते, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका बहुधा प्रत्येक फेरीला येतो. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) असेल तर ती पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावून ऐकावे. दिव्याच्या प्रत्येक चमकेमागे एकच टकटक असेल तर रोख व्हॉल्व्हकडे, दोन ठोके असतील तर क्रँककडे. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून त्याचे टोक कव्हरवर, ब्लॉकवर आणि ऑइल चेंबरवर आळीपाळीने ठेवल्यास आवाज कुठे सर्वांत ठळक आहे हे कळते. कोरड्या, कडक टिकटिकीचे स्थान वर असते, जड ठोक्याचे खाली.

टॅपेटसारखाच भासणारा आणखी एक आवाज आहे आणि तो पुष्कळांना फसवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट थोडे फुटलेले असले की इंजिन थंड असताना फट्-फट् असा टिकटिकीचा आवाज येतो आणि लोखंड तापून फुगल्यावर तो कमी होतो किंवा नाहीसा होतो. सांध्याशी काजळीची काळी रेघ दिसली तर टॅपेट सेट करण्यात वेळ घालवू नये. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा बोथट आवाज सैल झालेल्या पिस्टनचाही असतो, आणि सांभाळून चालवल्यास तो वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. बेल्ट किंचाळतो की वॉटरपंपाचे बेअरिंग घरघरते हे ठरवायचे असेल तर इंजिन बंद करून बेल्ट काढावा आणि काही सेकंदांपुरतेच इंजिन चालवून पाहावे.

खालून येणारा, ॲक्सिलरेटर दाबताच वाढणारा जड ठोका असेल आणि एखाद्या सिलिंडरची ठिणगी बंद करताच तो स्पष्टपणे मंदावत असेल, तर त्या सिलिंडरचे बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडील बेअरिंग) गेले आहे असे समजावे. ही चाचणी करताना प्लगची वायर उघडी लोंबकळत ठेवू नये, इंजिन बंद करून ती आधी ब्लॉकला नीट जोडून द्यावी. उघडी ठेवल्यास कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकते. असा ठोका निघाला तर गाडी चालवत दुरुस्तीला नेऊ नये, ओढून न्यावी.

फीलर गेज खोटे बोलते तेव्हा

टॅपेट सेटिंग इंजिन थंड की गरम असताना करायचे, आणि इनटेक व एक्झॉस्टची फट किती, हे मॅन्युअलच सांगू शकते. जुन्या इंजिनांत हे आकडे साधारण ०.१५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असतात आणि एक्झॉस्टची फट बहुधा जास्त असते. चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह असलेल्या बहुतेक इंजिनांत नऊच्या बेरजेचा नियम चालतो. पुढून मोजलेला आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करावा, सातवा दाबलेला असताना दुसरा, आणि याच क्रमाने पुढे. सर्व स्पार्क प्लग काढले की क्रँक हाताने फिरवणे सोपे जाते. फीलर गेज फटीत लोण्यातून सुरी जावी तसे नव्हे, तर किंचित ओढ लागून सरकले पाहिजे, आणि चेकनट (सेटिंगचा स्क्रू जागी धरणारा नट) आवळल्यानंतर पुन्हा मोजले पाहिजे, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

हे सर्व मी तिन्ही वेळा केले होते, तरी टकटक राहिली. चौथ्या वेळी रॉकर काढून त्याचे व्हॉल्व्हवर टेकणारे तोंड उजेडात तिरके धरले तेव्हा त्यात व्हॉल्व्हच्या देठाच्या रुंदीचा उथळ खळगा दिसला. नखाला तो स्पष्ट लागत होता. फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखी टेकते आणि खळग्याची खोली मोजतच नाही. गेजवर ०.२५ दिसत असताना खरी फट त्याहून खळग्याच्या खोलीइतकी अधिक होती. अंदाजाने स्क्रू थोडा जास्त आवळून आवाज बंद करता येतो, पण तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण न मिटण्याचा आणि जळण्याचा धोका असतो. एक्झॉस्टच्या बाबतीत हा धोका घेऊ नये. टकटकणारा व्हॉल्व्ह जळत नाही, मुका झालेला जळतो. खळगा पडलेले तीन रॉकर मी बदलले, रॉकर शाफ्टची ऑइलची बारीक भोके तारेने मोकळी केली, आणि टकटक थांबली.

दाट ऑइल ओतून आवाज व गळती दाबण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० या दाटपणाचे ऑइल सांगितले असेल तर तेच घालावे, त्यात वावगे काही नाही, पण त्याहून दाट ऑइल थंड इंजिनात रॉकरांपर्यंत उशिरा पोहोचते आणि ज्या भागाचा आवाज बंद करायचा त्यालाच उपाशी ठेवते. गळतीरोधक औषधे कडक झालेली रबरी सीले काही काळ मऊ करतात. बुचाच्या गॅस्केटवर आणि बुजलेल्या ब्रीदरवर त्यांचा काहीही उपयोग नाही. ऑइलच्या दाबाविषयी शंका असेल तर औषधापेक्षा स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर दाब मोजावा. जुन्या इंजिनांसाठी मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असा ढोबळ ठोकताळा आहे, नेमका आकडा मॅन्युअलचा.

काढलेले जुने ऑइल बंद डब्यात साठवून पुनर्वापरासाठी द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये आणि ते उघड्या हाताने हाताळूही नये, कारण वापरलेले ऑइल त्वचेला घातक असते. जोडणीनंतर इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ द्यावे, कव्हरचे बोल्ट सांगितलेल्या टॉर्कला एकदा पुन्हा तपासावेत आणि पहिले काही दिवस रोज डिपस्टिक पाहावी. मी पुठ्ठा महिनाभर गाडीखालीच ठेवला. हातमोजा आता झाकणाच्या तोंडावर लुळा पडतो, कव्हरची मागील कड कोरडी आहे, आणि पुठ्ठ्यावर आठवड्याला नाण्याएवढा एक डाग पडतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या रबरी रिंगेचा आहे, हे पावडरीने कळले आहे. रिंग आणून ठेवली आहे, पुढच्या वेळी टायमिंग तपासायला डिस्ट्रिब्युटर काढीन तेव्हा ती घालीन.